माझ्या चित्रातला दुसऱ्याचा हात

त्या चित्रकारानं मला फसवलं. माझं तोंड काढलं, माझा फेटा काढला, माझ्या मिशीचा एकेक केस काढला, आणि हात मात्र स्वतःचा जोडला. आमचा सौदा हाताचा झाला होता. तोंड मी वरती फुकट दिलं होतं.

हे मी रागानं लिहितोय असं कुणी म्हणेल. रागानंच लिहितोय. पण तेवढी एक गोष्ट सोडली तर माझं सध्या उत्तम चाललंय, हेही आधीच सांगून टाकतो. ओतकामाचा कारखाना मुलाच्या ताब्यात दिलाय. सकाळी उद्यमनगरात जाऊन एक चक्कर मारतो, दोघातिघांवर ओरडतो, मला बरं वाटतं आणि त्यांनाही मी अजून आहे हे कळतं. साडेदहाला तिथलाच चहा पितो आणि टू-व्हीलर काढून प्रदर्शन बघायला जातो.

कुठलं प्रदर्शन, असं मला विचारू नका. जे असेल ते. चित्रांचं, शिल्पांचं, फोटोंचं, जुन्या नाण्यांचं, शस्त्रांचं, गुलाबांचं, बोन्सायचं. एकदा नुसत्या कुलपांचं होतं, ते मी तीन वेळा बघितलं. कोल्हापुरात आठवड्याला एक तरी फीत कापली जातेच, आणि फीत कापताना मागच्या रांगेत पांढरा शर्ट घालून जो उभा असतो तो मी. बाहेर काजू-पेढ्याची डिश देतात म्हणून मी येतो असं एका संयोजकाला वाटायचं. त्याला मी सगळ्यांसमोर सांगितलं, तुझे पेढे मी खात नाही, मला साखर आहे. तेव्हापासून तो मला स्वतः खुर्ची आणून देतो.

मला हा नाद लागला तो एका लोखंडी स्टँडमुळे. तीसएक वर्षांपूर्वी एका शिल्पकारानं पुतळा ठेवायला स्टँड करून घेतला होता. तो पोचवायला मी स्वतः गेलो. हॉलमध्ये पंखे चालू होते, माणसं हळू बोलत होती आणि कुणीही कुणाला काही विकत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा जागी उभा होतो जिथे मला कुणाशी भांडायचं नव्हतं. स्टँडवर ठेवायचा तो ब्राँझचा बैल होता. मी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि पोटाखाली हात घातला. तिथे ओतताना हवा अडकून राहिलेलं हरभऱ्याएवढं भोक होतं, ते मेण भरून बुजवलेलं होतं. मी शिल्पकाराच्या कानात सांगितलं. तो पांढरा पडला. म्हणाला, "कुणाला सांगू नका की." मी नाही सांगितलं. त्याच्या सगळ्या प्रदर्शनांचं पहिलं बोलावणं तेव्हापासून मला यायचं.

म्हणजे बघायचं कसं हे मला कुणी शिकवलं नाही. मी वस्तूच्या मागच्या बाजूनं सुरुवात करतो. म्युझियमच्या दारातल्या तोफेला लोक पुढून फोटो काढतात, मी मागं जाऊन साच्याच्या दोन भागांचा जोड कुठे आलाय ते बघतो. तिथे एक बारीक शीर असते. ती बघितली की तोफ ओतणारा माणूस दिसतो. त्याला घाम आलाय, कुणीतरी त्याच्यावर ओरडतंय, रस निवत चाललाय. वितळलेल्या लोखंडाला आम्ही रसच म्हणतो. चित्रांचंही तसंच. मला आकाश कळत नाही, पण कुठे घाई केलीय ते कळतं.

आणि प्रत्येक ठिकाणी मी अभिप्रायाच्या वहीत लिहितो. लोक लिहितात, 'अप्रतिम', 'शब्द नाहीत', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'. मी लिहितो, 'तिसऱ्या चित्राची फ्रेम वाकडी आहे. पाण्याचं पिंप रिकामं होतं. घोड्याचे मागचे पाय चांगले.'

या वहीमुळेच चित्रकाराशी ओळख झाली. पंचेचाळीस-पन्नाशीचा माणूस, शाळेत चित्रकला शिकवायचा, बाकीच्या वेळात रंगवायचा. त्याच्या निसर्गचित्रांच्या प्रदर्शनात गगनबावड्याचं एक मोठं चित्र होतं. पावसाळ्यातला घाट, खाली कोकणापर्यंत हिरव्या डोंगरांच्या रांगा. मी वहीत लिहिलं, 'गगनबावड्याला जुलैत एवढं लांबचं दिसत नाही. स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही.' दुसऱ्या दिवशी परत गेलो तर तो वही हातात घेऊन दारात उभा.

"हे तुम्हीच लिहिलंय न्हवं?"

"व्हय. का?"

"मी जुलैत गेलतो की."

"गेला असाल. पण चित्र ऑक्टोबरचं काढलंय."

तो हसायला लागला. म्हणाला, "खरं हाय. जुलैत गेलतो, काही दिसलं न्हाय, ऑक्टोबरात परत गेलो." मग त्यानं मला चहा पाजला. चहा पिता पिता तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता, जसा मी बाजारात जुन्या मशीनकडे बघतो. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की हा माणूस काहीतरी मागणार आहे.

आमच्या गावाची एक सवय आहे, बाहेरच्यांना ती चमत्कारिक वाटते. रविवारी सकाळी इथे हॉल भरून माणसं जमतात, कशाला, तर एक माणूस दुसऱ्या माणसाचं चित्र काढतोय ते बघायला. त्याला प्रात्यक्षिक म्हणतात. ज्याचं चित्र काढायचं त्याला फेटा बांधून, शाल-नारळ देऊन स्टेजवर खुर्चीत बसवतात. चित्रकार सगळ्यांच्या देखत कोऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करतो आणि दोन तासांत माणूस उभा करतो. लोक मैदानात कुस्तीला बसतात तसे बसतात. कुणी बोलत नाही, पण नाकाची रेघ बरोबर बसली की सगळ्या हॉलमधून एक बारीक हुंकार येतो. मी अशी कितीतरी प्रात्यक्षिकं बघितली होती. खुर्चीत कधी बसलो नव्हतो.

त्यानंतरच्या महिन्यात चित्रकार म्हणाला, "पावणं, तुमचं तोंड द्या की दोन तासांसाठी."

"काय देणार?"

"काय पायजे?"

"ते मी सांगतो. पण आधी सांगा, तोंडात काय बघितलासा?"

"कुणावर तरी चिडून बसलेला माणूस दिसतोय, आणि तरी मजेत हाय. असं तोंड मिळत न्हाय."

मला ते पटलं. पण सौद्यात पटलेलं दाखवायचं नसतं. मी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी त्याच्या स्टुडिओत गेलो आणि माझा डावा हात खिशातून काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

त्या हाताबद्दल सांगायला पाहिजे. मी एकोणीस वर्षांचा असताना दुसऱ्याच्या भट्टीवर मोल्डर होतो, म्हणजे वाळूत साचे पाडायचे आणि त्यात रस ओतायचा. एके दिवशी साच्यात ओल राहिली होती. ओल्या साच्यात रस पडला की तो उलटा उडतो. मी तोंड चुकवलं, हात चुकला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांना चिकटलं ते कायमचं. हाताच्या पाठीवरची कातडी लोखंडाच्या कवचासारखी झाली, गुळगुळीत आणि सुरकुतलेली, दोन्ही एकदम. मालकानं सांगितलं, आता तू झाडलोट कर. मी म्हटलं, झाडलोट करतो, पण संध्याकाळी भट्टी बंद करताना जो रस उरतो आणि तुम्ही जमिनीवर ओतून टाकता, तो माझ्या साच्यात ओतू द्या. त्याला वाटलं पोरगा खुळा आहे. हो म्हणाला. त्या उरलेल्या रसातून मी शेगडीच्या जाळ्या केल्या. जाळ्यांतून माझी पहिली टपरी, टपरीतून शेड, शेडमधून भट्टी. तो हात नसता तर मी आजही दुसऱ्याच्या भट्टीवर असतो. हा माझ्या कारखान्याचा पाया आहे असं मी मनात म्हणतो. तोंडानं कधी म्हटलेलं नाही.

कारण हा पाया मी पंचेचाळीस वर्षं झाकून ठेवलाय. फोटोत डावा हात खिशात. सत्कार झाला की नारळ डाव्या हातावर ठेवायचा म्हणजे वरून शालीचा पदर येतो. बँकेत गेलो की टेबलाखाली. लाज वाटायची असं नाही. समोरच्यानं आधी हात बघितला की तो दया करायला लागतो, आणि दया करणारा माणूस भाव नीट करत नाही. असं मी स्वतःला सांगत होतो. पण मनात होतं, एकदा, एकाच ठिकाणी, तो नीट दिसावा. फोटोत नको, फोटो कुणीही कसाही काढतं. चित्रात. बघणाऱ्यानं बसून, वेळ देऊन काढलेला.

चित्रकारानं हात उचलला. उलटा केला, सुलटा केला, खिडकीजवळ नेला. दया केली नाही. म्हणाला, "ह्यात जांभळा हाय. आणि इथं कोपऱ्यात पिवळा."

"हा काढायचा. तोंड तुम्हाला पायजे म्हणून घ्या. मला हा पायजे."

"काढतो."

"शब्द?"

"शब्द."

त्याच हातावर त्यानं हात ठेवला. त्या हाताशी हस्तांदोलन करणारा तो पहिला माणूस.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी पहाटेच उठलो. बायको म्हणाली, "लग्नाला एवढं आवरला न्हवतासा." ती पुढच्या रांगेत मोबाइल धरून बसली. फेटा बांधला, शाल दिली, टाळ्या झाल्या. शाल मी मांडीवर ठेवली आणि खुर्चीच्या हातावर दोन्ही हात ठेवून बसलो.

ते दोन तास माझ्या आयुष्यातल्या चांगल्या तासांपैकी होते. गंमत अशी की सगळ्या हॉलला माझं चित्र दिसत होतं, फक्त मला दिसत नव्हतं. कॅनव्हासची पाठ माझ्याकडे. पण मला लोकांची तोंडं दिसत होती. माझं कपाळ आलं तेव्हा दुसऱ्या रांगेतला एक म्हातारा पुढे सरकला. मिशी आली तेव्हा मागं कुणीतरी हसलं. डोळे आले असावेत तेव्हा बायकोनं मोबाइल खाली घेतला आणि नुसती बघत बसली. मला वाटलं, कुणी आपल्याकडे असं बघितलंय का कधी? रंगाचा वास येत होता. बाहेर रिक्षा वाजत होत्या. मी नाकावर बसलेली माशीसुद्धा हाकलली नाही.

वेळ संपली. मी उठून पुढे जाऊन बघितलं. तोंड झालं होतं. असं झालं होतं की मी स्वतःशी भांडलो असतो. छातीच्या खाली मात्र नुसत्या कोळशाच्या रेघा होत्या.

"हात?" मी विचारलं.

"राहिलं खालचं, काका. स्टुडिओत पुरं करतो."

"मी येऊ बसायला?"

"नको, मला ध्यानात हाय," तो म्हणाला, आणि लोकांनी त्याला घेरलं.

मी विश्वास ठेवला. मी, ज्यानं आयुष्यात वाळूची गाडीसुद्धा मोजल्याशिवाय उतरवून घेतली नाही.

मधे पाचसहा महिने गेले. म्युझियमच्या हॉलमध्ये भरणाऱ्या त्याच्या व्यक्तिचित्रांच्या प्रदर्शनाचं कार्ड आलं. मी बायकोला नवीन साडी नेसायला लावली. दार उघडल्या उघडल्या समोरच्या भिंतीवर मी होतो. मोठा. फेट्याचा तांबडा रंग सगळ्या हॉलमध्ये पसरला होता. आम्ही जवळ गेलो. बायको चित्राकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग एकदम साधेपणानं म्हणाली, "आवो, हात बरा झाला की तुमचा."

खुर्चीच्या हातावर एक डावा हात ठेवलेला होता. पाच बोटं, प्रत्येक वेगळं. लांब, सावळा, शिरा उठलेला, नखांवर उजेड. दुसऱ्या कुणाच्या चित्रात असता तर सुंदर म्हटलं असतं. माझ्या मनगटातून तो निघत होता.

मी त्या दिवशी काही बोललो नाही. माझ्या बाबतीत हे वाईट लक्षण आहे. प्रदर्शन आठ दिवस होतं, मी आठही दिवस गेलो. चित्रापासून चार पावलं लांब बाकावर बसायचो. कुणी मला ओळखलं नाही, फेटा नव्हता ना. पण जो येईल तो तोंडाकडे एकदा बघायचा आणि हातावर थांबायचा. एका कला शिक्षिकेनं पंधरावीस मुलींना घेऊन येऊन सांगितलं, "हाताचं ड्रॉइंग बघा. माणसाचं सगळं आयुष्य हातात असतं." मी बाकावर बसल्या बसल्या घट्ट मूठ केली. खिशातली.

तिसऱ्या दिवशी मला हात कुणाचा ते कळलं. चित्रकार दारात उभा राहून बशीतून चहा पीत होता. बशी डाव्या हातात. करंगळी थोडी बाहेर वळलेली, अंगठ्याच्या नखाला मधोमध एक उभी रेघ. मी उठून चित्राजवळ गेलो. अंगठ्याच्या नखाला मधोमध उभी रेघ होती. नंतर एका जाणकारानं सांगितलं, चित्रकारांची ही जुनी रीत आहे. मॉडेल समोर नसलं की हाताला दुसरा माणूस बसवतात, कुणी नसलं तर स्वतःचाच डावा हात समोर धरून उजव्यानं काढतात. मी अख्खं आयुष्य जोड शोधण्यात घालवलंय. हा जोड मला सापडला.

सातव्या दिवशी वॉचमननं मला बातमी दिली. तो मला रोज बघून ओळखायला लागला होता. "काका, ह्यो फेटेवाला आता हितंच ऱ्हाणार म्हणं. कायमचा. संग्रहात घेतल्यात." मग थोडं वाकून म्हणाला, "तुमच्यासारखाच दिसतोय बघा, पण तुमच्यापेक्षा तब्येत बरी हाय त्येची."

हे ऐकून मी उठलो. प्रदर्शन संपलं की चित्र घरी जातं, विसरता येतं. संग्रहातलं चित्र वेगळं. म्युझियमच्या भिंतीवर जे टांगतात ते खरं ठरतं. मी मेल्यावर माझी पणती तिथे येऊन सांगणार, हा आमच्या पणजोबांचा हात. आणि तो एका ड्रॉइंग मास्तरचा असणार.

चित्रकार कुणाला तरी दुसरं एक चित्र समजावून सांगत होता. मी मधे घुसलो.

"ओ सर. माझा हात कुठाय?"

"काका, जरा बाजूला..."

"बाजूला न्हाय. हितंच. तुमचा हात माझ्या अंगावर काय करालाय?"

हॉलमधली सगळी माणसं वळली. वॉचमन धावत आला, "काका, आवाज, आवाज." मी आवाज वाढवला. चित्रकार लाल झाला होता, पण पळाला नाही. हळू म्हणाला, "तुम्हीच झाकलासा की. प्रात्यक्षिक सुरू झालं आणि तुम्ही शाल ओढून घेतलीसा हातावर. मला वाटलं, मन बदललं तुमचं. सगळा हॉल बसलेला. सगळ्यांच्या देखत कसं विचारू, काका, हात दाखवा म्हणून? नंतर पण बरं वाटंना विचारायला."

"मी झाकला? मी सौदा केला आणि मीच झाकला?"

"व्हय."

"खोटं बोलालायसा," मी म्हटलं, आणि बाहेर पडलो. वहीत काही न लिहिता बाहेर पडलो असा तो पहिलाच दिवस.

घरी आलो. बायको स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मी म्हटलं, तो तुझा मोबाइल दे. तिनं विचारलं नाही कशाला. व्हिडिओ लावून माझ्यासमोर ठेवला आणि परत लसणाकडे वळली.

चौथ्या मिनिटाला ते आहे. मी सरळ बसलोय, मान ताठ, चित्रकाराकडे बघतोय. आणि माझा उजवा हात, जणू तो माझा नाहीच, हळूच खाली जातो, मांडीवरची शाल उचलतो आणि खुर्चीच्या डाव्या हातावर नेऊन ठेवतो. थंडीत झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं. टोक नीट दाबतो. परत जागेवर येतो. माझ्या चेहऱ्यावर काहीही हललेलं नाही. मी तीन वेळा बघितलं. मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"त्यात काय माहीत असायचंय? तुमचा उजवा हात डाव्याची राखण करतोय. लग्न झाल्यापासनं बघतोय मी." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, पुरुषासारखं. तिनं सोललेली पाकळी वाटीत टाकली. "चित्रकारानं फसवलं म्हणून कोल्हापूरभर ओरडत फिरताय. मला कुणी फसवलंतं? मुरगळलाय म्हणून हाताला रुमाल गुंडाळून लग्नात उभा ऱ्हायलासा."

हे खरं आहे. लग्नात माझ्या डाव्या हाताला पांढरा रुमाल होता. मुलगी बघायला गेलो तेव्हा हात खिशात. तिच्या घरच्यांना नीट काही सांगितलं नव्हतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी ती मला पहिल्यांदा जेवायला वाढत होती. ताटात गरम भाकरी. मी एका हातानं ती मोडायचा प्रयत्न करत होतो, डावा हात पाठीमागे. ती समोर बसून बघत होती. नवी नवरी, डोक्यावर पदर, अजून माझ्याशी धड बोलली नव्हती. आणि म्हणाली, "रुमाल काढा. मळलाय."

मी काढला नाही. ती परत म्हणाली, "काढा की. बघू."

मी काढला. तिनं बघितलं. "दुखतंय का?"

"न्हाय."

"मग दोन्ही हातानं भाकरी मोडा. निवाय लागली."

एवढंच. त्यानंतर घरात मी हात कधी लपवला नाही. घराबाहेर मात्र रुमाल गेला आणि खिसा आला.

मी त्या रात्री चांगला झोपलो, जेवण झालं होतं आणि भाकरी मऊ होती. सकाळी उठलो तेव्हा राग जागेवर होता, पण त्याचं तोंड दुसरीकडे वळलं होतं. मी शाल ओढली, हे कबूल. ते मी चित्रकाराला जाऊन सांगणार आहे, आणि खोटं बोलालायसा म्हटलं तो शब्दही मागे घेणार आहे. पण सौदा सुटत नाही.

मी आयुष्यभर सौदे केलेत. समोरचा माणूस हात मागे घेतो तेव्हा तो नाही म्हणत नसतो. तो वाट बघत असतो, की हा आणखी एकदा विचारतो का. जो विचारत नाही त्याला वस्तू नको असते, किंवा तो घाबरलेला असतो. म्हणून शेवटच्या दिवशी दार उघडायच्या आधीच मी हॉलवर गेलो, वॉचमनला म्हटलं आज ओरडणार नाही, आणि अभिप्रायाच्या वहीचं अख्खं पान घेतलं. तिथे लिहिलं तेच इथे लिहितो, कारण वह्या कपाटात जातात.

सर, तोंड उत्तम. फेटा उत्तम. हातसुद्धा उत्तम, पण तो तुमचा आहे, तो घेऊन जा. तुम्ही मला शब्द दिला होता आणि माझ्या हातात जांभळा बघितला होता, दुसऱ्या कुणाला तो दिसला नव्हता. मग शाल आडवी आली तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? दोन तास तुम्ही माझ्यासमोर होतात. पुढचे सहा महिने माझा फोन नंबर तुमच्याकडे होता. चार दिवसांच्या नव्या नवरीला जे दोन शब्दांत जमलं, 'काढा की', ते तुम्हाला का जमलं नाही? याचं उत्तर मला पाहिजे. चित्र संग्रहात जायच्या आधी पाहिजे. मी रविवारी अकरा वाजता तुमच्या स्टुडिओत येऊन खुर्चीत बसणार आहे. शाल आणणार नाही. बायको बरोबर येणार आहे, आणि माझा उजवा हात ती धरून ठेवणार आहे.